सनीव्हेलची अग्निशमन सेवा: काऊंटीत विलीन करू नये अशी व्यवस्था

कॅलिफोर्नियातील सनीव्हेलमध्ये घर घेताना आपली मंडळी शाळांचे मानांकन पाहतात, कचेरीपर्यंतचे अंतर मोजतात, पण 911 हा आपत्कालीन क्रमांक लावल्यावर दाराशी कोण येणार याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या शहरात ती मुद्दाम करावी, कारण येथे स्वतंत्र पोलीस खाते नाही आणि स्वतंत्र अग्निशमन दलही नाही. ‘डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी’ हे एकच खाते 1950 सालापासून दोन्ही कामे सांभाळते. खात्यातील प्रत्येक अधिकाऱ्याला पोलिसाचे, अग्निशामकाचे आणि ईएमटीचे, म्हणजे प्राथमिक आपत्कालीन वैद्यकीय मदतीचे, अशी तिन्ही प्रशिक्षणे घ्यावी लागतात, आणि पुढे नोकरीत कधी गस्तीवर तर कधी अग्निशमन केंद्रावर नेमणूक होत राहते. दीड लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात ही पद्धत इतकी वर्षे टिकून राहावी, ही अमेरिकेत दुर्मिळ गोष्ट आहे.

या पद्धतीचा खरा फायदा गस्तीच्या गाडीत आहे. सनीव्हेलमध्ये बंबावर माणसे तुलनेने कमी असतात. आग लागल्याची वर्दी आली की उरलेले मनुष्यबळ रस्त्यावरच्या गस्तीतून येते, आणि त्यासाठी अग्निशामकाचा पोशाख गाडीच्या डिकीत तयार असतो. आमच्या अपार्टमेंट संकुलात एका स्वयंपाकघरात कढईतल्या तेलाने पेट घेतला, तेव्हा हे मी जवळून पाहिले. आधी पोहोचली ती पोलिसांची गाडी. आतून उतरलेल्या अधिकाऱ्याने डिकी उघडून जाड अंगरखा आणि शिरस्त्राण चढवले, वरच्या मजल्यावरची दारे ठोठावून माणसे खाली काढली, आणि बंब आल्यावर तोच अधिकारी नळी ओढायला इतरांबरोबर उभा राहिला. धुराने दमलेल्या एका आजोबांची नाडी पाहून त्यांना प्राणवायू देणारेही त्याच खात्याचे लोक होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील ज्या घरात असतात, त्या घराला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता विलीनीकरणाविषयी, म्हणजे शहराची अग्निशमन सेवा काऊंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दलाकडे सोपवण्याच्या कल्पनेविषयी. सांता क्लारा काऊंटीचे अग्निशमन दल 1947 पासून काम करीत आहे, ते सक्षम आहे, आणि शेजारच्या कुपर्टिनोतील आपले कितीतरी स्नेही त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतात. कॅम्पबेल आणि लॉस आल्टोस या शहरांनी 1990 च्या दशकात आपापली दले मोडून त्याची सेवा घेतली. पुढे 2010-11 च्या काऊंटीच्या नागरी ग्रँड ज्युरीनेही (स्थानिक कारभार तपासणारे नागरिकांचे मंडळ) शहरांनी दले एकत्र करण्याचा विचार करावा असे सुचवले. बहुतेक वर्द्या आगीच्या नसून वैद्यकीय असतात, मग प्रत्येक वेळी भलामोठा बंब कशाला धाडायचा, असा तिचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र सनीव्हेलने त्याचे एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे, कारण येथे वैद्यकीय मदतीचे शिक्षण घेतलेला माणूस गस्तीच्या गाडीतही असतो.

काऊंटीच्या अग्निशमन दलाकडे सोपवायचे झाले तर फक्त अग्निशमन सोपवता येईल, आणि हीच गोम आहे. बंब, केंद्रे आणि त्यांवरची माणसे काऊंटीच्या पगारपत्रकावर गेली की गस्तीवरचा अधिकारी नुसता पोलीस उरेल आणि त्याच्या डिकीतला अंगरखा निघून जाईल. म्हणजे काऊंटीला प्रत्येक बंबावर जादा माणसे नेमावी लागतील, शहराला निराळे पोलीस खाते उभारावे लागेल, आणि ज्या बचतीच्या नावाने हे सारे करायचे ती बचत कोठून होणार, हे मला कोणत्याही हिशेबात बसवून दाखवता येत नाही. एकत्रीकरणाचा लाभ एका शहराच्या आत आधीच पदरात पडलेला असताना तो मोडून दुसरे एकत्रीकरण करण्यात शहाणपण नाही.

मागे फिरणेही सोपे नसते. याच काऊंटीतील मॉर्गन हिल शहराने 2013 मध्ये काऊंटीचे दल सोडले, पण ते राज्याच्या कॅल फायर या अग्निशमन खात्याकडे गेले. स्वतःचे दल पुन्हा उभे राहिले नाही. ऑरेंज काऊंटीतील प्लसेंशियाने मात्र 2020 च्या जुलैत अनेक शहरांच्या सामाईक अग्निशमन प्राधिकरणातून बाहेर पडून स्वतःचे दल सुरू केले. त्यासाठी त्या लहान शहराला भरतीपासून सारे नव्याने उभारावे लागले, ही जिद्द मला मनापासून आवडते. सनीव्हेलवर ती वेळ येऊ नये.

जाब विचारण्याचा मुद्दाही आहे. येथे सात जणांची नगर परिषद आहे, तिच्या सभेत सामान्य रहिवासी उभा राहून आपल्या भागातील केंद्राविषयी बोलू शकतो. काऊंटीत निवडून आलेले पाच पर्यवेक्षक एकोणीस लाखांहून अधिक लोकांचा कारभार पाहतात. मुंबईतही 1888 च्या कायद्याने आगीपासून रक्षणाची जबाबदारी महापालिकेवर टाकली, ती नगरसेवकाला गाठता येते म्हणूनच लोकांना आपली वाटते.

उणिवा आहेत. येथील अधिकारी ईएमटी दर्जाचे आहेत, त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात लागणारी औषधे देणाऱ्या पॅरामेडिकसाठी काऊंटीच्या कराराखालील रुग्णवाहिकेवर विसंबावे लागते. तिन्ही प्रशिक्षणांना मिळून वर्षाहून अधिक काळ जातो, म्हणून रिकामी जागा चटकन भरत नाही आणि जादा तासांचा खर्च वाढतो. प्रशिक्षण, सामग्रीची खरेदी, घातक रसायनांच्या दुर्घटनेसाठीची पथके यांत शेजाऱ्यांशी भागीदारी वाढवायला मुळीच हरकत नाही. मोठ्या वणव्यात एकमेकांच्या मदतीला धावण्याचा राज्यव्यापी करारही 1950 चाच आहे, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये पूर्वेकडचे डोंगर पेटले तेव्हा तशा मदतीची गरज सर्वांनी पाहिली. त्या मदतीसाठी कोणाला आपले दल गमवावे लागत नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा पॅरामेडिकसाठी राखून ठेवला आहे. नगर परिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात निदान एका बंबावर त्यांची सोय केली, तर तोही आनंदाने देईन.