४ डिग्रीच्या पाण्यात नऊ महिने वापरलेला रेग्युलेटर

आधीच सांगतो, मी काही मोठा टेक डायव्हर वगैरे नाही. स्कूबा शिकलो तारकर्लीला, २८ डिग्रीच्या पाण्यात. तिथे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) कुठला आहे हे बघायच्या भानगडीतच कुणी पडत नाही, तोंडात घातला, हवा आली, चला. मग नोकरीमुळे टोरंटोला आलो आणि इथल्या मंडळींनी टोबरमोरी गावाचं वेड लावलं. तिथे ह्युरॉन लेकमध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेली लाकडी जहाजं गार गोड्या पाण्यामुळे अजून बघण्यासारखी राहिलीत. १८८५ साली बुडालेलं स्वीपस्टेक्स तर सहा-सात मीटरवरच आहे. पण खरी मजा खोलवर, आणि खोलवर भर उन्हाळ्यातही ४-५ डिग्री.

गेल्या मेच्या शेवटी नायगारा टू वर गेलो. ही बोट १९९९ मध्ये डायव्हर लोकांसाठी मुद्दाम बुडवलीय, तळ साधारण ३० मीटर. माझा रेग (म्हणजे रेग्युलेटर) भाड्याचा होता, वर अगदी लोण्यासारखा चालत होता. २५ मीटरच्या आसपास ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) आवळायला लागला म्हणून त्यात हवा सोडली, खाली जायचा स्पीड जास्त वाटला म्हणून दुसऱ्या हाताने बीसीडीचंही (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) बटण दाबलं आणि घाबरून त्याच वेळी एक मोठ्ठा श्वास घेतला. झालं! फुर्रर्र करून जे सुरू झालं ते थांबेचना, तोंडात एवढी हवा की दात शिवशिवायला लागले आणि मास्कसमोर नुसते बुडबुडे, बडी (सोबतचा डायव्हर) कुठाय तेच दिसेना. त्यानेच मला शोधलं, त्याचा ऑक्टो (जादाचं तोंडात धरायचं टोक) तोंडात दिला आणि मागे जाऊन माझा सिलिंडर बंद केला, तोवर सिलिंडरचा दाब १४० बारवरून ४० वर आला होता. वर आल्यावर रेग नीट बघितला तर त्याच्यावर स्पष्ट छापलं होतं, ईएन २५० (रेग्युलेटरचं युरोपियन स्टँडर्ड) आणि पुढे ">१०°सी". म्हणजे १० डिग्रीपेक्षा गार पाण्यासाठी हा नाहीच. दुकानाने सांगितलं नाही हे खरं, पण मीही वाचलं नव्हतं.

नेमकं होतं काय, तर सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडलेला भाग) एकदम ९-१० बारवर येते (म्हणजे आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढी जास्त), आणि अशी फुगताना ती शून्याच्या बरीच खाली गार होते. ३० मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा जाते, त्यात दोन-दोन बटणं दाबली की विचारूच नका. बाहेरचं पाणी ४ डिग्री, ते गोठायला कितीसा वेळ लागतो? स्प्रिंगभोवती बर्फ धरला की व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. समुद्राचं पाणी उणे दोनच्या जवळ गोठतं म्हणून तिथे थोडी तरी सवलत मिळते, तळ्यात तीही नाही.

त्यामुळे घेताना मी एकच गोष्ट धरून बसलो, सील्ड डायफ्रॅम फर्स्ट स्टेज, म्हणजे पाणी स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही. एपेक्सचा एक्सटीएक्स ५०, स्कूबाप्रोचा एमके १७ असे बरेच हातात घेऊन बघितले. शेवटी घेतला त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या एका माणसाच्या जबड्याच्या तक्रारी आहेत. डिन कनेक्शन (सिलिंडरला स्क्रूने बसणारं), मेटलची सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), होज जिथे जोडतो तिथे पंख्यासारख्या पात्या (त्या आजूबाजूच्या पाण्याची ऊब आत घेतात, ४ डिग्रीला ऊब म्हणायचं तर). आणि असे दोन सेट घेतले, एच व्हॉल्व्हवर (एकाच सिलिंडरला दोन तोंडं देणारा व्हॉल्व्ह) दोन वेगळ्या फर्स्ट स्टेज. एक बिघडला तर तो बंद करायचा आणि दुसऱ्यावर वर यायचं. सतराशे डॉलर गेले, बायकोने आकडा ऐकून फक्त "बरं" म्हटलं, ते जास्त लागलं.

आतापर्यंत २७ डाइव्ह झाले, त्यातले दोन फेब्रुवारीत बर्फाखाली. फ्री फ्लो (हवा न थांबता वाहत सुटणं) एकदाच झाला आणि तो शंभर टक्के माझ्यामुळे. बाहेर उणे १२, बर्फातल्या भोकाशी बसून सवयीने दोन श्वास घेऊन चेक केला, पर्जही (हवा सोडायचं बटण) दाबला. श्वासातली वाफ आतल्या लिव्हरवर गोठली आणि पाण्यात डोकं घालताच फुर्रर्र. आता चेक घरीच करतो, गाडीत रेग टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवतो, आणि पहिला श्वास तोंड पाण्याखाली गेल्यावरच. उतरताना श्वासाच्या रेझिस्टन्सचा नॉबही टाइट ठेवतो, खाली गेल्यावर सैल करतो.

तक्रारी म्हणजे मेटलमुळे जड, चाळीस मिनिटांनी जबडा दुखतो. व्हेंचुरीचा (फ्री फ्लो आवरायचा) लिव्हर इतका बारीक की जाड हातमोज्यातून कुठल्या बाजूला आहे कळतच नाही, मी त्यावर लाल दोऱ्याची गाठ मारलीय. दोन सेटची सर्व्हिस म्हणजे दुप्पट बिल.

आणि हवा कुठे भरता तेही बघा. कंप्रेसरचा फिल्टर जुना असेल तर हवेत ओल येते, ती आतून गोठते, मग बाहेरचं सील कितीही भारी असो. माझा बडी सेकंडहँड घेतलेला एकच सेट वापरतो, शांतपणे श्वास घेतो, एका वेळी एकच बटण दाबतो, अकरा वर्षांत त्याचा एकदाही गोठला नाही. तरी परवा मला म्हणाला, तुझा जुना एच व्हॉल्व्हवाला सिलिंडर विकणार असशील तर आधी मला सांग.