एमराल्ड क्रॅब: कोरलच्या टँकमधले १४ महिने

माझ्या २०० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) ठेवायच्या टाकीत, बबल अल्गी हे बुडबुड्यांसारखं शेवाळ आलं ते एका फ्रॅगवरून, म्हणजे लावायला आणलेल्या कोरलच्या तुकड्यावरून. तो झोअँथिडचा होता, म्हणजे गादीसारखं पसरणाऱ्या, फुलांसारख्या तोंडांच्या कोरलचा. फ्रॅगच्या बुडाशी मटाराच्या दाण्याएवढा एकच हिरवा, चकचकीत बुडबुडा होता. दिसायला सुंदर, म्हणून मी तो काढला नाही. चार महिन्यांनी दगडांच्या खाचाखोचांत त्याचे घोसच्या घोस होते आणि हॅमर कोरलच्या सांगाड्यालाही ते चिकटले होते. या शेवाळाचा, म्हणजे व्हॅलोनियाचा, एक बुडबुडा म्हणजे एकच पेशी, हे वाचलं तेव्हा चकित झालो. पण तीच पेशी कोरलच्या मांसल कडेपाशी फुगून तिला दाबायला लागली, तेव्हा झोप उडाली. बाहेर काढता येतील ते दगड काढून, स्क्रूड्रायव्हरने एकेक बुडबुडा सोडवला. जिथे हात पोचत नव्हता तिथल्यासाठी दोन एमराल्ड क्रॅब, म्हणजे शेवाळ खाणारे हिरवे खेकडे, आणले.

हा खेकडा कॅरिबियन समुद्रातला, शास्त्रीय नाव मिथ्रॅक्युलस स्कल्प्टस. घेताना हिरव्या रंगावर जाऊ नका, नांग्या बघा. याच्या नांग्यांची टोकं बोथट, चमच्यासारखी खोलगट असतात. पातेल्याच्या तळाची खरवड काढावी तसा तो दगड खरवडतो. टोकं अणकुचीदार आणि काळपट असतील, अंगावर दाट केस असतील, तर तो दुसराच कुणीतरी आहे. लाइव्ह रॉकमधून (समुद्री जीवांसकट आणलेल्या दगडांतून) चोरून येणारे असे खेकडे मांसाहारी निघतात. सगळे पाय शाबूत आहेत ना, हेही पाहून घ्या. घरी आणल्यावर मी दीड तास ड्रिप लावली, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब त्याच्या पाण्यात सोडलं, कारण पिशवीतल्या आणि माझ्या टँकमधल्या पाण्याच्या खारटपणात बराच फरक होता. माझा टँक १.०२५ (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) वर असतो. आधी कधी त्याच टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलं असेल तर खेकडा आणूच नका, तांबं त्यांना मारतं.

पहिले दोन आठवडे दोघेही दिसले नाहीत. हे प्राणी रात्रीचे. टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा धाकटा दगडाच्या कपारीत उलटा लटकून काम करताना दिसला. एका नांगीने बुडबुडा धरायचा, दुसरीने फोडायचा, मग सालीचा एकेक तुकडा तोंडात. असा फोडल्यावर आतून बीज पसरतं, अशी भीती पुष्कळांना वाटते, मलाही वाटली. त्या काळात मी फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) एक दिवसाआड बदलत होतो. नवी लाट आली नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत हॅमरची मागची बाजू स्वच्छ झाली होती. एवढं बारीक काम माझ्या चिमट्याने होणं शक्य नव्हतं.

त्यांच्याकडून जे झालं नाही तेही सांगतो. द्राक्षाएवढ्या मोठ्या बुडबुड्यांना दोघांनी हात लावला नाही, ते मलाच काढावे लागले. लांब वाढलेलं केसाळ शेवाळ त्यांनी सोडलं. मी ते उपटून आखूड केल्यावर उरलेली खुंटं मात्र खाल्ली. लाल, बुळबुळीत सायनोकडे (हा जिवाणूंचा थर) ढुंकूनही पाहिलं नाही. आणि मुख्य म्हणजे खेकडा शेवाळ खातो आणि त्याच पाण्यात विष्ठा टाकतो. शेवाळाला पोसणारं फॉस्फेट टँकबाहेर जात नाही. माझं ०.१८ पीपीएमवरून ०.०६ वर आलं ते माशांना कमी खायला घातल्यामुळे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नीट बसवल्यामुळे आणि दर आठवड्याला आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात मीठ कालवून पाणी बदलल्यामुळे.

खरी परीक्षा पाचव्या महिन्यात आली, शेवाळ संपल्यावर. एके सकाळी झोअँथिडची सात-आठ तोंडं मिटलेली, दोन तर मुळातून गायब. रात्री बसून पाहिलं तर थोरला, कवच साडेतीन सेंटीमीटरचं, त्या गादीवर बसून तोंडं ओढत होता. मला फार वाईट वाटलं, पण राग खेकड्यावर काढण्यात अर्थ नव्हता. त्याचं खाणं मी संपू दिलं होतं आणि ताटात दुसरं काही ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून टपाल तिकिटाएवढा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा, आठवड्यातून तीनदा, रबर बँडने दगडाला बांधून त्यांच्या कपारीपाशी ठेवतो. धाकटा लगेच सुधारला. थोरल्याला चटक लागली होती, तो सुटेना. त्याला सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, हलवलं. तिथे तो मजेत आहे आणि भिंतींवरचं शेवाळ खातो.

आणखी दोन त्रास. चालताना खेकडा नव्या फ्रॅग ढकलून पाडतो, म्हणून सगळ्या इपॉक्सीने पक्क्या चिकटवा. आणि ब्रेन कोरलला मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) भरवलं की वास लागून येतो आणि कोरलच्या तोंडातून घास ओढून काढतो. त्या ओढाताणीत मांस फाटू शकतं. मी आधी टँकच्या दुसऱ्या टोकाला खेकड्याला नोरी देतो, मग कोरलना भरवतो. हॅमर, टॉर्च, मशरूम या कोरलच्या अंगावरून तो चालत जातो. ती थोडी आक्रसतात, दहा मिनिटांत पुन्हा फुलतात.

कोरल आणि शेवाळ खाणारा खेकडा यांचं मुळात वैर नाही. याचाच भाऊबंद मिथ्रॅक्युलस फोर्सेप्स ऑक्युलिना कोरलच्या फांद्यांत राहतो आणि त्यावर चढणारं शेवाळ खाऊन कोरलला जगवतो. फ्लोरिडा कीजमध्ये तर मोठे कॅरिबियन किंग क्रॅब शेवाळाने झाकलेल्या प्रवाळावर सोडून पाहिले गेले. शेवाळ खूप कमी झालं आणि तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे चरायला अख्खा समुद्र आहे, आपल्याकडे चार दगड. म्हणून १०० लिटरला एक यापेक्षा जास्त खेकडे मी ठेवणार नाही.

पर्याय म्हणून निळ्या पायांचे हर्मिट (शंखात राहणारे खेकडे) ही ठेवून पाहिले. शंखासाठी त्यांनी माझ्या तीन गोगलगायी मारल्या. सॅली लाइटफूट हा खेकडा लहानपणी छान चरतो, पण मोठा झाल्यावर माशांवर धावतो, म्हणून आणलाच नाही.

कात टाकायच्या वेळी एमराल्ड क्रॅबला एकांत लागतो, दगडांत खोल बिळं ठेवा. तळाशी खेकडा निपचित दिसला तर आधी कवचाची मागची कड बघा. तिथे फट असेल आणि आत पोकळ असेल तर ती कात आहे. ती मी काढत नाही, बरेचदा तोच कुरतडतो.

पाचपैकी चार. एक गुण झोअँथिडसाठी कापला. ज्यांना शेवाळ संपल्यावरही खेकड्याला रोजच्यासारखं जेवू घालायची तयारी आहे, त्यांनी जरूर आणावा. धाकट्याने गेल्या आठवड्यात कात टाकली. अजून हॅमरमागच्या बिळातून बाहेर आलेला नाही, पण दाराशी ठेवलेली नोरी सकाळी नसते.