केशरी चष्मा, लिथियम आणि रात्रीची झोप: बरेच महिने वापरल्यानंतर

चष्मा घातला की मी वेल्डिंगवाली दिसते, ही आईची तक्रार. माझी वेगळी आहे. दुकानात ‘ब्लू कट’, म्हणजे निळा उजेड अडवणारे, म्हणून जे जवळजवळ पारदर्शक चष्मे गळ्यात मारतात, त्यांचा झोपेसाठी फारसा उपयोग नाही. भिंग गडद केशरीच हवं. घालून राऊटरचा निळा दिवा बघा. तो दिसेनासा झाला तरच पैसे द्या.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं. ते ताळ्यावर ठेवायला लिथियम हे औषध चालू आहे. आमच्यात जागरणाचे दोन प्रकार. एकात जीव दमलेला असतो, पण डोळा लागत नाही आणि सकाळी अंग मोडून येतं. दुसऱ्यात तीन तास झोपूनही माणूस टवटवीत, रात्री दोनला कपाट आवरायला काढतो, नव्या धंद्याचे बेत आखतो. हा दुसरा प्रकार मॅनियाची, म्हणजे मन बेफाम चढण्याच्या टप्प्याची, वर्दी असू शकतो. चष्म्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच प्रकाराबद्दल बोलतात.

चष्म्याकडे वळले ते नॉर्वेतल्या एका प्रयोगामुळे. 2016 साली तो प्रसिद्ध झाला. मॅनियासाठी दाखल असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सात दिवस संध्याकाळी 6 ते सकाळी 8 असे केशरी चष्मे दिले, काहींना तुलनेसाठी साधं भिंग. केशरीवाल्यांची लक्षणं ठळकपणे उतरली. रुग्ण मात्र जेमतेम 23, तेव्हा लगेच हुरळून जायला नको. कारण पटण्यासारखं आहे: डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी साधारण 480 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडावरून मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. तो उजेड अडवला की घरात दिवे असूनही मेंदूपुरती रात्र होते.

डॉक्टरांना विचारून मी रात्री आठला चष्मा चढवायला लागले. गोळीसारखी गुंगी येत नाही, आणि पहिले काही दिवस तर काहीच वाटलं नाही. मग झोपेची वेळ हळूहळू अलीकडे सरकली. पण मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, आणि केशरी भिंगातून रंग बघणं निरर्थक. त्यामुळे आठनंतरचं काम आपोआप बंद झालं. निम्मा गुण या अडचणीचाच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक उपयोग कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो. ‘आज नको तो चष्मा, डोकं मस्त चालतंय’ असं ज्या रात्री वाटतं, ती रात्र संशयाची. सलग दोन रात्री मी तो टाळला आणि झोपही कमी झाली, तर भाऊ मला न विचारता डॉक्टरांना फोन करतो. असं आमचं ठरलंय. त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, पण फोन गेला आणि औषध वेळेवर बदललं.

निद्रानाशावर ‘अंथरुणातले तास कमी करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. बायपोलर असेल तर तो परस्पर अमलात आणू नका. झोप तोडल्यानेच मॅनिया चेतू शकतो. मी उठायची वेळ तेवढी पक्की ठेवलीय. रविवारीसुद्धा सहाला उठून एआरएआय टेकडी.

गणपतीत चष्मा सपशेल नापास. ढोलपथकांचा सराव आधीपासूनच सुरू होतो, आणि भिंग कानाला काय करणार? विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मी आदल्या दिवशीच मावशीकडे भोरला जाते. ‘पुण्याची असून मिरवणूक सोडतेस?’ असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

चष्मा घालून गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको. गोळ्यांचा डबा मात्र तो चढवण्याआधी भरा. पांढरी आणि फिकट पिवळी गोळी केशरी भिंगातून सारखीच दिसते. भाजीत हळद पडली की नाही, तेही कळत नाही.

औषधाऐवजी म्हणून घेणार असाल तर घेऊच नका. मन खाली गेलेलं असेल तर किती तास घालायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. मलाही त्या काळात वेळ कमी करायला सांगितली होती.

पाचपैकी चार तारे. नंबरच्या चष्म्यावर बसणारा मोठा साचा घेतला, तर एप्रिल-मेमध्ये घामाने नाकावरून सारखा घसरतो. एक तारा त्याचा कापला.