सीसीएनए की जेएनसीआयए: इंदुरातून एक मत

नेटवर्किंगच्या नोकरीसाठी कुठली परीक्षा द्यावी, हे भंवरकुआच्या (इंदुरातला कोचिंगचा भाग) क्लासवाल्यांना विचारा, उत्तर ठरलेलं, सीसीएनए (सिस्को कंपनीची सुरुवातीची नेटवर्क परीक्षा) कर. चुकीचं नाहीये ते. इंदुरात नेटवर्कच्या नोकरीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा हेच नाव दिसतं, आणि एचआरला ज्युनिपर (सिस्कोची स्पर्धक कंपनी) म्हणजे काय हे समजावत बसायला इंटरव्ह्यूत वेळ कुणाकडे आहे. मी सीसीएनए आणि ज्युनिपरची तशीच जेएनसीआयए, दोन्ही दिल्यात, तरी कुणी विचारलं की माझं मत जरा ज्युनिपरकडे झुकतं.

अभ्यास म्हणून सिस्को सरस, यात वाद नको. सीसीएनएच्या पेपरात (क्रमांक २००-३०१) व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्कचे भाग), एसटीपी, ओएसपीएफ, नॅट, वायरलेस, वर ऑटोमेशनची तोंडओळख, एवढं सगळं येतं. जेएनसीआयएमध्ये स्विचिंग नावापुरतंच, बाकी जुनॉस (ज्युनिपरच्या राउटर-स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम), थोडं राउटिंग, पॉलिसी आणि फायरवॉल फिल्टर, झालं. म्हणून वाचायचं सिस्कोचंच, त्यांचा पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सिम्युलेटर) फुकट मिळतो त्यावर हात साफ करायचा.

मग खटकतं काय, तर मागे जाता न येणं. सिस्कोच्या परीक्षेत एकदा नेक्स्ट दाबलं की तो प्रश्न गेला, मार्क करून ठेवून शेवटी बघू असं चालत नाही. आता माझ्यासारखा माणूस, ज्याला सबनेटिंगचं (नेटवर्कचे छोटे भाग पाडायच्या गणिताचं) उत्तर टाकल्यावर चार प्रश्नांनी आठवतं की अरे ते /२६ होतं, त्याचं पुढच्या प्रश्नात लक्षच लागत नाही. ज्युनिपरच्या पेपरात मागे जाऊन बघता येतं, डोकं शांत राहतं. तुमचा स्वभाव तसा नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

गंमत म्हणजे दोघांच्या डब्यांचाही, म्हणजे राउटर-स्विचचाही, स्वभाव तसाच आहे. सिस्कोच्या आयओएस सिस्टिममध्ये (आयफोनची नव्हे) एंटर दाबलं की कमांड त्याच क्षणी लागू. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर) अलाउड व्हीलॅन लिहिताना 'ॲड' राहिलं तर जुनी यादी जाते आणि फक्त नवा व्हीलॅन उरतो. जुनॉसमध्ये आधी सगळं लिहा, फरक बघा, मग कमिट म्हणजे लागू करा, नाही जमलं तर रोलबॅक करून मागे या. आणि 'कमिट कन्फर्म्ड' तर काय सांगू, विजयनगरात बसून पिथमपूरच्या फॅक्टरीतला राउटर बदलताय आणि लिंकच तुटली, तरी १० मिनिटांत तुम्ही कन्फर्म केलं नाही तर तो आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. सिस्कोत 'रीलोड इन'ची (ठरावीक वेळाने रीस्टार्ट लावून ठेवायची) युक्ती आहे म्हणा, पण त्यात अख्खा डबा रीस्टार्ट होतो आणि तेवढा वेळ फॅक्टरीवाल्या भियांचे फोन घ्यायचे.

पैशाचं म्हणाल तर सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, जेएनसीआयएची २००. त्यात ज्युनिपरचा फुकट ऑनलाइन कोर्स करून छोटी चाचणी पास केली की व्हाउचरवर ७५ टक्के सूट मिळायची. मिळायची म्हणतोय, कारण जुलै २०२५ मध्ये एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइज) ज्युनिपर कंपनी विकत घेतली, तेव्हा भरायच्या आधी आजचे नियम बघून घ्या. ज्युनिपरच्या व्हीलॅब्स या ऑनलाइन लॅबवर ब्राउझरमधूनच प्रॅक्टिस होते, लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. मुदत दोघांची ३ वर्षं, वरची परीक्षा पास झालात की खालची आपोआप रिन्यू.

मोहल्ल्यातल्या फायबरवाल्याकडे काम करायचंय? मग मायक्रोटिक या राउटर कंपनीचं एमटीसीएनए सर्टिफिकेट बघा, पण त्याला ट्रेनरच्या क्लासात बसावंच लागतं, घरी वाचून थेट परीक्षा नाही. फोर्टिनेट या नेटवर्क सिक्युरिटी कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग फुकट आहे आणि चांगलं आहे, फक्त २०२३ मध्ये त्यांनी आपल्या एनएसई सर्टिफिकेटांची नावं बदलली तेव्हापासून रेझ्युमेत नक्की काय लिहायचं हे मला तरी विचारू नका.

पहिलीच नोकरी शोधताय तर सीसीएनए घ्या, पोटापाण्याचा प्रश्न आहे. नोकरी असेल आणि आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) किंवा डेटा सेंटरकडे वळायचं असेल तर मी तरी सीसीएनपीच्या (सीसीएनएच्या वरची पायरी) मागे लागण्याआधी जेएनसीआयए आणि मग जेएनसीआयएस-एसपी (ज्युनिपरची आयएसपीच्या कामाची पुढची परीक्षा) करीन. आणि ज्युनिपरचा तो फुकट कोर्स तर कुठलीही परीक्षा द्यायची नसली तरी करून टाका.