चार इंची ट्रॉवेल, सहा महिने परदेशी उत्खननावर : पाते उत्तम, मान कच्ची

पाचव्या महिन्यात एका सकाळी, सव्वासहाच्या सुमारास, चराच्या कोपऱ्यातली साधी मऊ माती खरवडत असताना माझ्या ट्रॉवेलचे, म्हणजे पुरातत्त्वीय उत्खननात माती खरवडायच्या लहान थापीचे, पाते मानेपासून निखळले आणि नुसती मूठ हातात राहिली. मी त्या वेळी दगड उचकटत नव्हते, मुळे तोडत नव्हते किंवा पाते पहारीसारखे वापरत नव्हते. हे आधीच स्पष्ट करते, कारण मी तक्रार केल्यावर ट्रॉवेलच्या कंपनीने पहिल्याच उत्तरात हाच प्रश्न विचारला होता. परदेशातल्या उत्खननावर जाताना विमानाच्या वजनमर्यादेत बूट, गुडघ्यांच्या गाद्या, औषधे आणि वह्या बसवायच्या असतात, आणि पात्याचे अवजार हाताशी ठेवायच्या सामानातून नेता येत नसल्याने ते मोठ्या बॅगेतच घालावे लागते. त्यामुळे मी एकच ट्रॉवेल नेली होती. ती मोडल्यावर दुसरी कुठून आणायची, याचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते.

पानाच्या आकाराची चार इंची ट्रॉवेल कशी असते हे उत्खननावर गेलेल्यांना सांगायला नको. मुळात हे गवंड्याचे, विटांमधले सांधे (दर्जा) भरण्याचे अवजार आहे. ब्रिटिश उत्खनकांनी चार इंची लांबीचे पाते पसंत केले, अमेरिकेत साडेचार किंवा पाच इंचीही चालते. या अवजाराचे दोन प्रकार होतात. पहिल्यात पाते, मान आणि मुठीत शिरणारा गज हे सगळे एकाच पोलादी तुकड्यातून तापवून, घणाखाली घडवलेले असते. दुसऱ्यात पाते वेगळे कापतात आणि त्याच्या पाठीवर मान वेल्डिंगने जोडतात. मी दुसऱ्या प्रकारातली घेतली. ती स्वस्त होती, हलकी होती, मुठीवर रबराचे आवरण होते आणि वेष्टनावर आजीवन हमी छापलेली होती. दोन पैसे वाचतात तर का वाचवू नयेत, हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. पण या वेळी बचत चुकीच्या जागी झाली, हे कबूल केले पाहिजे.

पहिले तीन महिने मात्र मी या ट्रॉवेलवर अतिशय खूश होते. उन्हाच्या प्रदेशातल्या बहुतेक उत्खननांप्रमाणे आमचेही काम सूर्य उगवायच्या आत सुरू होत असे. उन्हाचा ताप टाळण्याचा हेतू त्यात असतोच, परंतु सकाळचा तिरपा प्रकाश हे त्याहून मोठे कारण आहे. त्या प्रकाशात मातीचा बारीक चढउतार आणि रंगाची पुसट सीमा दिसते, जी डोक्यावर आलेल्या उन्हात हरवून जाते. दुसऱ्या महिन्यात एका चोपलेल्या मातीच्या जमिनीवर मी गुडघे टेकून, मागे सरकत, पाते आपल्याकडे ओढत काम करत होते, म्हणजे साफ केलेल्या भागावर पाय पडत नाही. घट्ट मातीवर पात्याचा एकसारखा खर्र आवाज येत होता. एका ठिकाणी तो अचानक मंदावला आणि पाते किंचित आत गेले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. मी कडा पुन्हा घासून घेतली, त्या जागी दोनदा अगदी हलका हात फिरवला, बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला, आणि वीतभर रुंदीचे काळपट वर्तुळ हळूहळू वर आले. तो लाकडी खांबाचा खळगा होता. खांब कुजून गेल्यावर त्यात वेगळी माती भरली होती. दुपारपर्यंत त्याच रेषेत आणखी दोन सापडले आणि जिथे आम्ही मोकळे अंगण समजत होतो तिथे छप्पर असले पाहिजे, हे आम्हाला मान्य करावे लागले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण धार आहे. बोथट पाते माती कापत नाही, ती लिंपते. दोन थरांची माती एकमेकांवर फासली जाते आणि सीमा दिसेनाशी होते. उत्खननात थर उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी साचलेला आधी, असे काढायचे असतात आणि काढलेला थर पुन्हा मांडता येत नाही. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कामातून जो स्तरक्रमाचा तक्ता तयार केला, तो आज जगभर भरला जातो. पण त्या तक्त्यातली प्रत्येक चौकट कुणीतरी गुडघ्यावर बसून ओळखलेल्या सीमेवर उभी असते. मातीचे रंग ठरावीक संकेतांनी नोंदवायच्या मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ओलसर मातीचे ढेकूळ ताडून ‘१० वायआर ४/३’ असा रंगाचा संकेत लिहायचा, तर ते ढेकूळही एकाच थरातले असावे लागते. म्हणून दर एक-दोन तासांनी कानस काढून कडा घासणे हा या कामाचा नित्याचा भाग आहे. माझ्या पात्याला ही धार फार चांगली टिकत होती. सहा महिन्यांत त्याची लांबी सहा मिलिमीटरने झिजली, तरी ते कुठे वाकले नाही की त्याचा टवका उडाला नाही. पात्याला मी आजही पूर्ण गुण देते.

मानेकडे माझे लक्ष तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस गेले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या शिष्या कॅथलीन केन्यन यांच्या पद्धतीत, जी केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोला राबवली, शेजारच्या दोन चरांमध्ये मातीचा बांध राखतात आणि त्याच्या उभ्या बाजूवर थरांचा क्रम वाचतात. आम्हीही बांध राखले होते. ती उभी बाजू ओळंब्यात आणताना ट्रॉवेल आडवी धरून वरून खाली तासावी लागते आणि सगळा जोर पात्यावर न येता मानेवर, तोही पिळल्यासारखा येतो. असे दोन दिवस तासल्यावर मला प्रत्येक ओढीच्या शेवटी मुठीत एक सूक्ष्म ‘टक’ जाणवू लागले. जोडावरची माती ओल्या ब्रशने काढली तेव्हा वेल्डिंगच्या एका बाजूला केसाएवढी रेघ दिसली. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी, खापरे धुऊन वाळत घातल्यावर, त्या रेघेवरून नख फिरवत असे. सहकाऱ्यांना हे अती वाटे. पण ज्या हाताला मातीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळायला हवा, त्या हातातली मूठच हलत असेल, तर आवाज मातीचा आला की अवजाराचा, हे कसे ओळखायचे? दीड महिना मी अशा अविश्वासात काम केले आणि मग पाते निखळलेच.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार मी थोडक्यात सांगते. पहिल्या पत्राला उत्तर यायला बारा दिवस लागले आणि त्यात मी अवजाराने काही उचकटले होते का, एवढेच विचारले होते. मी छायाचित्रे पाठवली. दुसऱ्या उत्तरात सांगितले की पात्याच्या कडा कानशीने घासलेल्या दिसतात, हा मूळ रचनेतला बदल आहे, सबब हमी लागू नाही. मी पुन्हा लिहिले की तुटले आहे ते पाते नसून मान आहे आणि मानेला मी कानस लावलेली नाही. तिसरे उत्तर असे होते की हे अवजार चुनागच्चीच्या व सिमेंटच्या कामासाठी आहे, माती खणण्यासाठी नाही. या उत्तराचा मला खरोखर राग आला. याच कंपनीच्या जाहिरातीत ही ट्रॉवेल पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून दाखवलेली होती आणि ती पाहूनच मी ती घेतली होती. उत्खनकांना विकायचे असेल, तर उत्खनक कडा घासणारच हे धरून हमी लिहिली पाहिजे.

मधल्या काळात चरप्रमुखांनी मला त्यांची जुनी, एकसंध घडणीची, लाकडी मुठीची ट्रॉवेल वापरायला दिली, आणि इथे माझे एक मत बदलले. रबरी मुठीचे मी पहिल्या महिन्यात घरी लिहिलेल्या पत्रांतही कौतुक केले होते. लाकडी मूठ तीन आठवडे वापरल्यावर लक्षात आले की रबरात घाम आणि बारीक रेती अडकून तळव्याच्या मुळाशी जो फोड वारंवार येत होता, तो लाकडाने आलाच नाही. तिचे वजन जास्त आहे, पहिले चार दिवस मनगट दुखले, आणि धार माझ्या पात्याइतकी टिकत नाही, हेही खरे. पण उभा बांध तासताना मुठीत कसलीही ‘टक’ येत नाही आणि मातीत होणारा बदल थेट बोटांपर्यंत पोहोचतो. आमच्याबरोबरचे वयस्क स्थानिक कामगार तर आवाजावरूनच थर बदलल्याचे सांगत आणि बहुधा ते बरोबर निघे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९३-९४ मध्ये इजिप्तमधल्या कुफ्त गावी उत्खनन केले, तेव्हापासून तिथल्या कुटुंबांत हे कौशल्य पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे असे मी वाचले होते. त्याचा अर्थ मला ती जुनी ट्रॉवेल हातात आल्यावर कळला.

माझे मोडलेले अवजार त्याच कामगारांपैकी एकाने जवळच्या वेल्डरकडे नेले, जो एरवी शेतीची अवजारे दुरुस्त करतो. त्याने जुना जोड पूर्ण घासून काढला, मानेच्या दोन्ही बाजूंनी नवा जोड भरला आणि वर एक छोटी पट्टी आधाराला दिली. उष्णतेने पात्याची टाच निळसर पडली, तेवढ्या भागाची धार पूर्वीसारखी राहत नाही. बाकी ट्रॉवेल महिनाभर बिनतक्रार चालते आहे. कारखान्याने जेवढे वेल्डिंग करायला हवे होते तेवढे एका माणसाने अर्ध्या तासात केले, हे पाहिल्यावर कंपनीबद्दलची माझी नाराजी अधिकच वाढली.

तेव्हा पहिल्या हंगामाला निघालेल्यांनी पात्याच्या चकाकीकडे आणि मुठीच्या रंगाकडे न पाहता ट्रॉवेल उलटी करून मान पाहावी. पाते आणि मान यांच्यामध्ये जोडाची वरंबी दिसली तर ती घेऊ नये, आणि घेतलीच तर दुसरी बरोबर ठेवावी, मग त्यासाठी एक वही कमी न्यावी लागली तरी चालेल. मी पुढच्या हंगामासाठी एकसंध घडणीची ट्रॉवेल मागवली आहे. जुनीही बरोबर नेणार आहे, कारण तिचे टोक आता इतके निमुळते झिजले आहे की विटांच्या सांध्यातली आणि खापराच्या कडेखालची माती काढायला त्यासारखे दुसरे काही माझ्याकडे नाही.