पेटीवाल्या चाचांचा बेंजो : अकरा महिने वाजवल्यावर

माझा पहिला बेंजो, म्हणजे आपला बटणं दाबून वाजवायचा तारांचा, २०१९ च्या पुरात गेला. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर पोचलं तेव्हा आमच्या खोलीत छातीएवढं होतं, आणि मी बेंजो माळ्यावर टाकायचा सोडून शिलाई मशीन चढवत बसलो होतो. पाणी ओसरल्यावर बघतो तर प्लायवूडचे थर वहीच्या पानांसारखे सुटलेले. बायको म्हणाली, मशीन तरी वाचलं.

दुसरा तयार घेतला. कुठून ते लिहीत नाही. वरून काळा चकचकीत सनमायका, कडेनं लाल-निळे दिवे. दिसायला नवरदेव. पण वरच्या सप्तकात गेलं की सूर चढायचा. भजनात पेटीवाला माझ्याकडं बघायचा आणि मी तारेकडं. तीन हंगाम तार पिळण्यात गेले. शेवटी एका रविवारी स्टीलची पट्टी घेऊन बसलो. मेरूपासून घोडीपर्यंत, म्हणजे तार दोन टोकांना टेकते त्या दोन पट्ट्यांमध्ये, मोकळी तार ५० सेंटिमीटर. बाराव्या बटणाला वरचा सा लागतो, म्हणजे त्याचा पडदा, तार जिच्यावर दाबली जाते ती धातूची आडवी पट्टी, बरोबर मधोमध, मेरूपासून २५ वर पाहिजे. तो २५.३ वर होता. तीन मिलिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण कानाला अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा चढा लागतो. तो पिळून जात नाही. खालचा सा मिळवला की वरचा बिघडतो, वरचा मिळवला की खालचा.

म्हणून तिसरा हातानं बनवून घेतला. सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, बाहेर पाटी नाही, त्यामुळं नाव काय लिहू. सगळे चाचा म्हणतात. कामं मुख्यतः पेट्यांची, बेंजो वर्षाला तीन-चार, तेसुद्धा ओळखीतल्यांचे.

मी मोबाइलवर हिशोब करून गेलो होतो. उरलेल्या तारेला दर वेळी १७.८१७ नं भागायचं, येईल तेवढ्यावर पुढचा पडदा. ५० च्या तारेला पहिला २८ मिलिमीटरवर, त्यापुढं साडेसव्वीसवर दुसरा, त्यापुढं २५ वर तिसरा, असं अंतर आखडत जातं. चाचांनी आकडे ऐकून घेतले आणि कोपऱ्यातून सागाची एक काठी काढली. वापरून काळी पडलेली, तिच्यावर ब्लेडनं मारलेल्या खुणा. "माझ्या अब्बांची आहे. तुझा मोबाइल हिच्यावर ठेव." ठेवला. जास्तीत जास्त फरक अर्ध्या मिलिमीटरचा. मी मोबाइल खिशात घातला.

घोडी त्यांनी चिकटवली नाही. आधी बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं. दाबायचं नाही, टेकवायचं. त्यातून शिट्टीसारखा बारीक वरचा सा निघतो. मग बारावं बटण दाबून वाजवलं. दाबलेला सूर केसभर चढा. बटण दाबलं की तार ताणली जाते, म्हणून चढतो. घोडी दीड मिलिमीटर मागं सरकवली, पुन्हा छेडलं, पुन्हा ऐकलं. अर्धा तास हेच. तयार बेंजो घ्यायला जाल तेव्हा दुकानात उभ्या उभ्या एवढी एक परीक्षा करा, दोन मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आता बटणं. बेंजोत बिघडतं ते इथंच. बटण दाबलं की खालची पट्टी तारेला पडद्यावर दाबते आणि सोडलं की स्प्रिंग तिला वर उचलते. स्प्रिंग मऊ असेल तर जलद तुकड्यात मागचा सूर चिकटून राहतो, कडक असेल तर दोन तास वाजवल्यावर बोटं सुजतात. चाचा पोलादी तार सायकलच्या स्पोकवर गुंडाळून स्प्रिंगा स्वतः करतात. मला म्हणाले, इथं बस आणि वाजव. बसलो. करंगळीकडच्या बटणांच्या स्प्रिंगा त्यांनी दोन-दोन वेढे वाढवून मऊ केल्या, कारण माझी करंगळी अशक्त आहे हे त्यांनी बघून ओळखलं. बटणांखाली पेटीतली असते तसली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावली आहे. दुसऱ्या बेंजोवर गाण्यापेक्षा टकटक जास्त ऐकू यायची, ती इथं नाही.

लाकूड म्हणाल तर बाजू सागवानी आणि वरची फळी तुणीची, मिरजेचे सतारवाले वापरतात ती. इथं मी जरा वेगळं बोलतो. वरातीत वाजवणाऱ्यानं लाकडावर पैसे घालू नयेत. पिकअप तारेचं थरथरणं उचलतो, पुढं अँप, पुढं चार भोंगे आणि शेजारी ताशा. त्यात साग कुठला आणि प्लाय कुठला, देवालासुद्धा कळणार नाही. पण एकादशीला विठ्ठल मंदिरात बिनलाइटचं वाजवतो तेव्हा फरक कळतो. सूर सुटल्यावर बेंजोच्या खोक्यात थोडा वेळ रेंगाळतो. पहिल्यांदा वाजवला तेव्हा पखवाजवाल्या आण्णांनी मान वर केली. तेवढं पुरे.

भाच्यानं मध्येच विचारलं, मामा, गूगलवर बँजो गोल का दिसतो? तो अमेरिकेतला. गुलाम म्हणून तिकडं नेलेल्या आफ्रिकन लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून जी वाद्यं केली, त्यातून तो आला. पुढं भोपळ्याच्या जागी लाकडी कडं आलं, आणि आता बहुतेकांवर कातड्याऐवजी प्लास्टिक असतं. आपला बटणांचा बेंजो निघाला तो १९१२ साली जपानात नागोयाला झालेल्या ताइशोगोतोपासून. म्हणजे नाव अमेरिकेचं, यंत्र जपानचं आणि वाजतो आमच्या गल्लीत हळदीला. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, भोपळा पाहिजे तर मिरजेला जा. तेही खरंच. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. बेंजोवाल्यांना अजून वरातीत जेवायला शेवटच्या पंगतीत बसवतात.

तक्रारी आहेत. पहिली, वेळ. गणपतीआधी देतो म्हणाले, हातात पडला घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. गणपतीच्या पाच सुपाऱ्या मी जुन्या चढ्या सुरावर मारल्या. दुसरी, वायरिंग. लाकडात हात एवढा साफ, पण पिकअपचं सोल्डरिंग बघून मला रडू आलं. मी वायरमन आहे. जॅकची, म्हणजे अँपची वायर खोचायच्या भोकाची, अर्थिंगची बाजू धातूच्या पट्टीला जोडलेलीच नव्हती, अँप लावला की घुंईंऽ. घरी नेऊन आतून तांब्याची पट्टी चिकटवली, अर्थ जोडली, आवाज गेला. तुम्ही वायरमन नसाल तर तेवढं काम बाहेरून करून घ्या. तिसरी, पडदे पितळी आहेत. पोलादी तार पितळ खातेच. अकरा महिन्यांत सा आणि प च्या पडद्यांवर नखाला लागेल एवढी खाच पडली आहे. चाचा म्हणतात घासून देतो. दोन-तीनदा घासता येतील, पुढं बदलावे लागणार.

किंमत साडेअकरा हजार, पिशवी आपली आपण. तयार माल याच्या निम्म्यात मिळतो.

गेल्या सोमवारी एक स्प्रिंग बदलायला गेलो होतो. बाकावर दुसरा बेंजो अर्धा उघडा होता, शेजारी गावाकडचा एक पोरगा उभा. म्हणत होता, चाचा, कडेनं दिवे बसवून द्या की. चाचांनी मान वर न करता माझ्याकडं बोट दाखवलं, "ते काम त्याचं." दोनशे रुपयांत बसवून दिले.