आरएक्स १०० ची चेसिस आणि रत्नागिरीतले पावडर कोटिंग

१९८५ ते १९९६ या काळात भारतात विकल्या गेलेल्या यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचे सुटे भाग अजूनही मिळतात. मात्र खाऱ्या वाऱ्याने गंजलेली चेसिस (गाडीचा सांगाडा) पॉलिश पेपर आणि स्प्रेच्या डब्यावर कोकणात फार काळ टिकत नाही. म्हणून इंजिन आणि वायरिंग घरीच उतरवून मी ती रत्नागिरीतील एका पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे रंगाची कोरडी पावडर लावून भट्टीत भाजणाऱ्याकडे, दिली.

सँडब्लास्टिंग (बारीक कणांच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढणे) अत्यंत मन लावून केलेले होते. जुना रंग निघताच स्विंगआर्मजवळचा (मागचे चाक धरणाऱ्या भागाजवळचा), चिखल साचून पातळ झालेला पत्रा उघडा पडला आणि पुढचे काम थांबवून त्यांनी मला तो बोलावून दाखवला, हे विशेष. कारण कोटिंगनंतर वेल्डिंग करायचे म्हणजे भोवतालचा थर जाळणेच. आपल्या दमट हवेत उघडे लोखंड काही तासांत तांबूस पडते, त्यामुळे त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमर देण्याचा त्यांचा आग्रहही योग्य वाटला. सुमारे २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला काळा थर एकसारखा आला आहे.

मास्किंग, म्हणजे थर नको त्या जागा झाकणे, मात्र निष्काळजीपणाचे. आट्यांत आणि हँडलच्या बेअरिंगच्या बैठकीत पावडर गेली होती. टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे मोकळे करावे लागले. अर्थिंगची, म्हणजे वायरिंगची तार चेसिसला जोडायची, जागा तर प्रत्येकाने खरवडावीच, कारण हा थर वीजरोधक असतो. चेसिस क्रमांक वाचता यावा म्हणून त्यावर थर पातळ ठेवण्यास आधीच सांगावे.

दर वाजवी आहे. गणपतीच्या तोंडावर काम देऊ नये. तेव्हा गेट आणि ग्रिलचीच रांग असते.